तिखटाच्या डब्यातलं कार्ड

माझा धाकटा भाऊ विमा विकतो. उद्याचं काही सांगता येत नाही, हे वाक्य तो रोज दहा घरी ऐकवतो आणि लोकांच्या सह्या घेतो. याच माणसानं, स्वतःला मुलगा झाल्यावर महिन्याभरात, फोनवर कुठले कुठले व्हिडिओ पाहून ठरवलं की पोराला एकही सुई टोचायची नाही. जन्मल्याबरोबर दवाखान्यात दिली तेवढी लस झाली होती, कारण तोवर त्याला ज्ञान प्राप्त व्हायचं होतं.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. भावजय बाळंतपण आटोपून माहेरून परत आली, तेव्हापासून दर रविवारी मी नंदनवनातल्या माझ्या घरून सक्करदऱ्याला त्यांच्याकडे जायचे. निमित्त भाच्याचं, पण खरं म्हणजे भांडायला.

"ताई, नॅचरल इम्युनिटी म्हणून काही चीज असते," भाऊ म्हणायचा. "एवढ्याशा जिवाले इतक्या लसी टोचल्या त त्याची अंदरची ताकदच खतम होते."

"तुझं पोरगं आत्ता चप्पल चाटून राहिलं," मी म्हणायचे. "त्या एका चपलेवर आहेत तेवढे जंतू कोणत्याच सुईत नसतात. त्यानं नाही खतम होत ताकद?"

मग मोबाइल निघायचा. मोबाइल निघाला की माझं डोकं फिरायचं. हा पाहा, मोठा डॉक्टर आहे, असं तो सांगायचा. कशाचा डॉक्टर म्हणून विचारलं तर ते त्याला माहीत नसायचं. पण व्हिडिओ पूर्ण पाहिल्याशिवाय मला चहा मिळायचा नाही.

आमच्या दोघांच्या मध्ये आईला एक मुलगी झाली होती. ती गोवरात गेली. मला ती आठवते, त्याला आठवायचा प्रश्नच नाही, तो नंतर जन्मला. एका रविवारी मी तेही काढलं. तो म्हणाला, "तो जुना जमाना होता, ताई. तवा लोकायले खायले नव्हतं." खायला होतं. आमच्या घरी हातमाग चालत होता, दोन्ही वेळचं नीट मिळत होतं. नव्हती ती लस. त्या दिवशी मी चहा न घेता निघाले आणि घरी पोचेपर्यंत रडत होते.

भावजय या वादात कधी पडली नाही. चहा ठेवायची, पोराला उचलून आत न्यायची. मला तिचाही राग यायचा. शिकलेली बाई, आणि नवऱ्यापुढे तोंड उघडत नाही, असं मी मनातल्या मनात म्हणायचे.

पोरगं साडेनऊ महिन्यांचं असेल. त्या रविवारी भाऊ कोणाकडे तरी पॉलिसीचे कागद द्यायला गेला होता. भावजय पोराला झोपवत होती, म्हणून वांग्याच्या भाजीचं मी पाहत होते. मसाल्याच्या डब्यातलं तिखट संपलेलं. वरच्या फळीवर मोठा डबा होता. भिवापूरच्या तिच्या माहेराहून वर्षाचं तिखट येतं, ते त्यात असतं. झाकण काढून चमचा घातला, तर तो प्लास्टिकच्या पिशवीला अडला. पिशवीत पोराचं लसीकरणाचं कार्ड होतं, आणि आजवरच्या एकेका लसीपुढे तारीख लिहिलेली होती. मला शिंका सुरू झाल्या त्या थांबेचनात.

भावजय धावत आली. कार्ड पाहून ती आधी घाबरली, मग खाली बसली.

"पहिले तीन डोस माहेरीच झाले," ती म्हणाली. "गोवराचा अंगणवाडीत, हे कामावर गेल्यावर. पोलिओच्या रविवारी बूथवर बोलवाले आलेल्या पोरी दारातून परत पाठवल्या ना यायनं, तवा मीच दुपारी बूथवर नेलं. बोटाले शाई लावली त त्याच्यावर काजळ फासलं."

"आणि परवाचा ताप? दात येतायत म्हणून फोनवर सांगत होता तो."

"मीच तसं सांगतलं." मग तिनं माझा हात धरला. "त्यायले सांगू नका, ताई. तुमी भांडता अन् ते अजूनच जिद्दीले पेटते. मले फक्त पोराचं पाहायचं आहे."

मला आनंद झाला आणि तितकाच अपमान वाटला. पाच महिने मी घसा कोरडा करत होते, तो प्रश्न कधीच निकालात निघाला होता आणि मला कोणी कळवलंही नव्हतं. पण तिचं म्हणणं पटलं. कार्ड मी परत तिखटात पुरलं.

पुढच्या रविवारी त्यानं विषय काढला, तेव्हा मी पोळी खात राहिले. त्याच्या पुढच्या रविवारीही. मला वाटलं, मी मोठा शहाणपणा करते आहे.

मग पोराचा पहिला वाढदिवस आला. आमची चुलत बहीण दोन महिन्यांच्या मुलीला घेऊन आली होती. तिच्या मुलीची दीड महिन्याची लस सर्दीमुळे राहून गेली होती. हे ऐकल्याबरोबर भावानं पोराला खांद्यावर घेतलं.

"हा पाहा. वर्ष झालं, एक सुई नाही. दाताचा ताप सोडला त एक दिवस बिमार नाही. अन् ताईले इचार. सायन्सची मास्तरीण आहे, पहिले किती भांडे माह्याशी. आता एक शब्द बोलत नाही."

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी बशीतल्या केककडे पाहिलं.

"मंग आमी बी थांबतो, दादा," ती म्हणाली.

भावजय उठून आत गेली. आली ती तिखटानं माखलेली पिशवी घेऊनच. नवऱ्याला न देता तिनं ती बहिणीच्या हातात दिली.

"हे वाच. सगळ्या लसी झाल्या आहेत त्याच्या, म्हणून तो असा ठणठणीत आहे. तुह्या पोरीले घेऊन उद्या आपण दोघी जाऊ."

भावानं कार्ड ओढून घेतलं. एकेक तारीख त्यानं बोट ठेवून वाचली. नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिखटानं की कशानं, कोण जाणे.

"अन् तो दाताचा ताप?" त्यानं विचारलं.

"लसीचा होता. दात त त्याच्या अगोदरच आले होते," भावजय म्हणाली. "तुमी पाहलेच नाही."

तो पोराला घेऊन गच्चीवर निघून गेला. बहीण मात्र माझ्याकडेच पाहत होती.

"ताई, तुले माहीत होतं?"

"हो."

"मंग आमी थांबतो म्हटलं, तवा तू काहून नाही बोलली?"

तिची मुलगी मांडीवर झोपली होती. आमची गोवरात गेलेली बहीणही आईच्या मांडीवर अशीच झोपायची.