डब्यातला कांदा
काल टोपलीतल्या कांद्याला कोंब फुटलेला दिसला आणि ऐंशीच्या दशकातली आमची घाटकोपरची चाळ आठवली. बाबा तेव्हा एका प्रयोगशाळेत होते. कांदे पावसाळाभर टिकावेत म्हणून तिथे किरणांचा मारा करून त्यांना कोंबच येऊ देत नसत. तसला एक कांदा त्यांनी घरी आणला. न रुजणारा कांदा कोकणातल्या आईला काही पटेना. तिने गॅलरीत तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरून तो पुरला. "अगं, तो नाही उगवायचा, आम्हीच तसा केलाय," बाबा हसले. "तुमच्याकडे कांदो नाय रुजलो, तरी माझ्या डब्यात रुजतलो," म्हणत ती रोज पाणी घालत राहिली. श्रावणातल्या एका सकाळी डब्यात हिरवी पात दिसली. आईने अख्खा मजला गोळा केला. बाबा वाकून बघत म्हणाले, "हरलो गं." त्या पहाटे मोरीवर नखांतली माती काढताना मी त्यांना पाहिलं होतं; आईचा कांदा काढून त्यांनी बाजारातला, कोंब आलेला लावला होता. पुढे कित्येक वर्षं आई ती गोष्ट सांगायची आणि बाबा दर वेळी मान डोलवायचे. कालचा कांदा मी डब्यात लावलाय, पण "हरलो" म्हणणारं आता घरात कुणी नाही.