कुरोदासानांचा मंगळवार

माझ्या नवऱ्याला माझे सगळे पासवर्ड माहीत आहेत, माझं खरं वजन माहीत आहे, लग्नाआधी मी कुणाला पत्रं लिहायचे तेही माहीत आहे. हे एक माहीत नाही. आईला नाही, बहिणीला नाही. आज तुम्हाला सांगतेय — तुम्हालाच का, ते विचारू नका. बहुतेक तुमची-माझी ओळख नाही म्हणूनच.

तशी मी खोटारडी नाही. असं सगळेच खोटारडे म्हणतात, कल्पना आहे मला. पण खरंच, शाळेत मी कधी कॉपी केली नाही, दुकानदाराने चुकून जास्त सुटे दिले तर परत करायचे. लहानसहान बाबतीत मी अगदी सरळ मुलगी होते. मोठ्या बाबतीत माझी परीक्षाच झाली नव्हती, एवढंच.

पुण्यात इंजिनिअरिंग करता करता मी जपानी शिकले. का? मैत्रीण जात होती आणि क्लास घरापासून चालत पाच मिनिटांवर होता. त्या पाच मिनिटांनी मला दोन हजार दोन साली थेट नागोयाजवळच्या एका कंपनीत नेऊन बसवलं. गाड्यांच्या सीटचे सुटे भाग बनवणारी कंपनी. बावीस-तेवीस वर्षांची मी, अख्ख्या खात्यात एकटीच परदेशी. पहिले दोन आठवडे आम्हा नव्या लोकांना फक्त वागायला शिकवलं — कुणापुढे किती वाकायचं, व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी कसं घ्यायचं, लिफ्टमध्ये बटणांपाशी कुणी उभं राहायचं. (सगळ्यात धाकट्याने. म्हणजे मीच.) सकाळी रेडिओवर गाणं लागायचं आणि सगळं खातं, साहेबासकट, हात वर-खाली करून व्यायाम करायचं. मला ते फार आवडायचं. खोटं नाही सांगत, मी तिथे खूप खूश होते.

फक्त एक त्रास होता. ऑफिस सुटलं की सगळ्यांनी मिळून प्यायला जायचं. सक्ती नसते, पण न जाणारा माणूसही नसतो. आणि तिथे धाकट्याचं काम काय, तर वरिष्ठांचे ग्लास रिकामे होऊ द्यायचे नाहीत. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात मी इतकी दमले होते की तोंडातून निघून गेलं, आज माझा उपास आहे. वार मंगळवार होता. आमच्याकडे मंगळवारी देवाचा उपास असतो, म्हटलं, दारूला हातही लावायचा नसतो.

आपल्याकडे असं म्हटलं असतं तर कुणीतरी लगेच विचारलं असतं, कशाचा गं? आणि मग खिचडी केलीस का? तिथे कुणी काही विचारलं नाही. साहेबांनी बाटलीवरचा हात अदबीने मागे घेतला आणि माझ्यासाठी टॅक्सी बोलावली. मी खोलीवर जाऊन मस्त झोपले.

इतपत तुम्हीही मला माफ कराल ना? मीही केलं होतं. तिथेच थांबले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

वर्षभराने कंपनीने मला अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला पाठवलं. तिथे आमचं ऑफिस होतं, आणि गावात इतकी जपानी कुटुंबं होती की त्यांचं वेगळं वाणसामानाचं दुकान होतं. मराठी माणसंही बरीच, शाळेचा हॉल घेऊन गणपती बसवण्याइतकी. माझे नवे साहेब कुरोदासान. पन्नाशी ओलांडलेले, सडपातळ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात एक छोटी वही. काहीही सांगा, ते वही काढून लिहून घ्यायचे. दर मंगळवारी संध्याकाळी सात वाजता जपानशी फोनवर मीटिंग असायची, कारण तेव्हा तिकडे बुधवारची सकाळ उजाडलेली असते. तीत बसून टिपणं काढायची, हे ऑफिसातल्या सर्वांत धाकट्याचं काम होतं. लिफ्टच्या बटणांसारखंच.

आणि इकडे माझी रूममेट शिल्पा, नागपूरची, एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिने गावातलं एक हॉटेल शोधून काढलं होतं, जिथे मंगळवारी चिकन विंग्ज मिळायच्या, हव्या तितक्या. आमचा पाच-सहा मराठी मुलामुलींचा कंपू दर मंगळवारी तिथे जमायचा.

आता पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. हो — मी कुरोदासानांना सांगितलं की मंगळवारी माझा उपास असतो.

त्यांनी वही काढली. उपासाचे नियम काय आहेत, त्यांनी विचारलं. नियम? मी आयुष्यात उपास केला नव्हता. आई चतुर्थी करायची आणि मी तिची खिचडी खायचे, इतकाच माझा उपासाशी संबंध. तरी मी उभ्या उभ्या नियम रचले. दिवसभर काही खायचं नाही. दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं. दिवा लावायचा, मगच जेवायचं. त्यानंतर कामाचं बोलायचं नाही. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी खात्याला सांगून टाकलं की मंगळवारी साडेपाचनंतर हिला कुणी थांबवायचं नाही.

जूनमध्ये त्यांनी फार संकोचाने एक शंका काढली. इथे उन्हाळ्यात सूर्य नऊला मावळतो, तर मग दिवेलागण — ? मी म्हणाले, आमच्या शास्त्रात दिवेलागण सहाची. त्यांनी वहीत सहा लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. कुठलं शास्त्र, ते मला आजही सापडलेलं नाही.

दोन वर्षं. दोन वर्षं दर मंगळवारी साडेपाचला कुरोदासान माझ्या टेबलापाशी यायचे आणि घड्याळावर बोट ठेवायचे. मला उशीर होऊ नये याची काळजी माझ्यापेक्षा त्यांनाच. आणि खाली शिल्पा गाडीत बसलेली असायची.

"अगं, ये ना यार लवकर, टेबल जाईल. झाला का तुझा उपास कम्प्लीट?"

सगळे हसायचे, मी सगळ्यात जास्त. दुपारी मी खरंच जेवायचे नाही. लंचरूममध्ये सगळ्यांसमोर पाण्याचा ग्लास घेऊन बसायचे. संध्याकाळी पोटात जागा हवी म्हणून. ऑफिसला वाटायचं, केवढी श्रद्धा. आणि मीटिंगची टिपणं? ती कुरोदासान स्वतः काढायचे. खात्याचे प्रमुख, माझ्या जागेवर बसून. बुधवारी सकाळी ती माझ्या टेबलावर नीट टाइप केलेली असायची, सोबत एक डबा. त्यांच्या बायकोने पाठवलेला — मी मनातल्या मनात त्यांना काकूच म्हणायचे — उपासाने अशक्तपणा येऊ नये म्हणून. भाताचे गोळे, आत आंबट आलुबुखारासारखं काहीतरी. मी ते चाटूनपुसून खायचे. लाज वाटायची का? थोडी. भूक जास्त असायची.

दोन हजार पाचच्या शरद ऋतूत काकूंच्या छातीत गाठ निघाली. जवळच्या कोलंबस शहरातल्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाली. गावातल्या जपानी बायकांकडून ते कळलं; कुरोदासान ऑफिसात अवाक्षर बोलले नाहीत. फक्त डबे थांबले.

एका सोमवारी दुपारी त्यांनी मला बाहेर पार्किंग लॉटपाशी बोलावलं. मला वाटलं, सगळं कळलं. झाडाकडे बघत ते म्हणाले, "एक विचारू का? चालत नसेल तर स्पष्ट सांगा. तुमचा तो उपास — परक्या माणसाने धरला तर चालतो का?"

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडात शब्द होते माझ्या, शप्पथ. कुरोदासान, उपास नाहीये, मी खोटं बोलले. इतकंच. तीन सेकंदांचं काम. पण ते माझ्याकडे असे बघत होते की — नाही, ते सोडा. त्यांच्या बघण्याने मी गप्प बसले असं नाही. मी घाबरले होते. माझी अब्रू जाईल, याला घाबरले. समोरच्या माणसाची बायको आजारी होती आणि मी माझ्या अब्रूचा विचार करत होते.

मी म्हणाले, चालतो.

काय खाल्लेलं चालतं, त्यांनी विचारलं. इथे तरी मला काही करता आलं असतं. केळी चालतात, दूध, शेंगदाणे, बटाटा, निदान साबुदाणा. आपला उपास मुळात असतोच तसा, पोटभर. पण दोन वर्षं मी सगळ्यांसमोर नुसत्या पाण्यावर बसले होते ना? मग आता केळी कुठून आणणार? म्हणून मी म्हणाले, फक्त पाणी.

त्यांनी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून कुरोदासानांनी मंगळवार धरला. सकाळी सातला यायचे. दिवसभर पाणी. साडेपाचला माझ्या टेबलापाशी येऊन घड्याळ दाखवायचे, कारण त्यांचा उपास सुरू झाला म्हणून माझा सुटला नव्हता. मी निघायचे. ते सातच्या मीटिंगला बसायचे, माझी टिपणं काढायचे, साडेआठला घरी जाऊन, उशिराबद्दल देवाची क्षमा मागून, दिवा लावायचे आणि मग बायकोला भरवून स्वतः जेवायचे. माझं काम आणि माझा उपास, दोन्ही त्या एकाच माणसाने केलं.

आणि मी त्या मंगळवारी गेले का विंग्ज खायला? गेले. तुम्हाला वाटलं असेल, निदान तेवढं तरी सोडलं असेल हिने. नाही. एकदा ठरवलं होतं, आज खराखुरा उपास करू, त्यांच्या जोडीने. दुपारी तीन वाजता व्हेंडिंग मशीनसमोर उभी राहून मी मफिन खाल्लं. त्यानंतर पुन्हा ठरवलंही नाही.

काकू बऱ्या झाल्या. त्याचा मला इतका आनंद झाला की काय सांगू, आणि तो आनंद खरा होता, त्यात काही भेसळ नव्हती. वसंतात रिपोर्ट स्वच्छ आले. पुढच्या वर्षी कुरोदासानांची जपानला बदली झाली, तेव्हा निरोप समारंभात ते सगळ्यांसमोर म्हणाले की मला काहीच सुचत नव्हतं तेव्हा या मुलीने स्वतःच्या घरची एक मोठी गोष्ट मला दिली. आणि ते माझ्यापुढे वाकले. साहेब वाकला तर आपण त्याहून खाली वाकायचं, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं होतं. मी खूप खाली वाकले. टाळ्या झाल्या. काकूंनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

दोन हजार आठमध्ये, एका बुधवारी सकाळी, मला ऑफिसात त्यांचा फोन आला. आवाज तसाच, अदबशीर. काकू ठणठणीत आहेत, म्हणाले, बागेत मुळा लावलाय. त्यांना स्वतःला मात्र साखर निघाली होती. डॉक्टरांनी उपाशी राहायला सक्त मनाई केली होती. मग म्हणाले की अडीच वर्षांत एकही मंगळवार चुकवला नाही, पण आता पुढे जमेल असं वाटत नाही.

मला कळायलाच वेळ लागला. ते अजून करत होते. मला वाटलं होतं, काकू बऱ्या झाल्या तेव्हाच सोडला असेल.

"तुम्ही विश्वासाने दिलं होतंत," ते म्हणाले, "आणि मला ते शेवटपर्यंत सांभाळता आलं नाही. मला क्षमा करा."

जपानी माणूस फोनवर बोलतानाही वाकतो, हे मी कितीदा पाहिलंय. तेही वाकले असणार. मी खुर्चीत बसले होते, समोर कॉफी होती. ऑफिसात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. काय वाटेल ते सांगता आलं असतं मला, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं असतं.

मी म्हणाले, "हरकत नाही, कुरोदासान. माफ केलं तुम्हाला."

त्यांनी माझे दोनदा आभार मानले आणि फोन ठेवला.