भाकरीतला नवा जिल्हा

एखादं काम स्वतः कधीही न करता ते दुसऱ्याला शिकवण्यात आमच्या थोरल्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात जन्माला आलेला नाही. लातुरात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. कढई घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला कढईआधी फोडणीवरचं व्याख्यान घ्यावं लागे. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, हातात तराजू आणि जिभेवर सल्ला. विहीर कुठं खणावी, रुसलेल्या सुनेला कसं परत आणावं, देवणीचा बैल कसा पारखावा, सगळं त्यांना ठाऊक; बैलाच्या शेपटीला मात्र त्यांनी जन्मात हात लावलेला नव्हता. मुलं कशी वाढवावीत हा तर त्यांचा खास विषय, कारण त्यांना मूल नव्हतं. "पोटचं असलं की मानूस आंधळा व्हतो, साडूभाऊ," ते मला म्हणत. "मला लांबून समदं साफ दिसतंय."

उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा नवा झाला तशी नव्या कचेरीत माझी नांदेडहून बदली झाली, आणि आम्ही त्यांच्याच घरामागच्या दोन खोल्यांत राहायला आलो. पाठोपाठ दुष्काळही आला. बाजारात जे काही येई त्याला भाजी म्हणायला जीभ रेटत नसे. त्यात आमची लहानगी सुमी टायफॉईडमधून नुकती उठलेली. उठल्यापासून तिनं जेवणाशी वैर धरलं होतं. चहात बुडवलेलं बिस्किट सोडलं तर काही घशाखाली उतरत नव्हतं. बरगड्या दिसायला लागल्या होत्या. बायको ताट घेऊन तिच्यामागे अंगणभर फिरे आणि शेवटी ताट खाली ठेवून रडे. मीही मनातून घाबरलो होतो. साडू हा तमाशा रोज ओट्यावरून पाहत. एक दिवस ते गंभीरपणे म्हणाले, "हिला खाऊ घालू नगा. हिला सैपाकाला लावा."

दुसऱ्या दिवशी दुकानातली सगळ्यात छोटी परात काखेत मारून ते स्वयंपाकघरात हजर झाले आणि पाटावर मांडी ठोकून बसले. कायदा एकच होता: "जो थापंल त्यानंच ती भाकर संपवायची. दुसऱ्यानं तोंड लावायचं न्हाई." 'मनगट सैल सोड' असं सुमीला बजावताना त्यांचे स्वतःचे दोन्ही हात पोटावर बांधलेले असत. "पानी सांडू नको, माय, टँकरचं हाय," असं सांगता सांगता तांब्या तेच लवंडत. त्यांची बायको, म्हणजे आमची अक्का, मागच्या मागे आधण ठेवी, तवा तापवी, सांडलेलं पीठ भरून घेई. तिचं नाव या शाळेच्या हजेरीपटावर कुठंच नव्हतं. पहिल्या दिवशी सुमीनं पिठाचा उंदीर केला. साडूंनी तो उंदीरही भाजायला लावला. तिनं तो नुसता जिभेला लावला आणि ठेवून दिला. साडू लगेच बाजारात जाऊन पोरगी जेवायला लागल्याचं चार दुकानांत सांगून आले.

खरी परीक्षा पुढेच होती. रेशनच्या जुनाट ज्वारीच्या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, म्हणून नव्हती. तरी सुमीनं जीव लावून एक गोल भाकरी थापली, अगदी चंद्रासारखी नाही, पण गोल म्हणावी अशी. अक्कानं ती तव्यावर टाकली आणि उलटताना भाकरीचे दोन तुकडे झाले. सुमीनं ओठ काढले, परात ढकलली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. बायको दारात येऊन उभी. आता सगळं मुसळ केरात, असं मला वाटलं. साडूंनी मान वाकडी करून तव्याकडे पाहिलं.

"मोडली कुठं?" ते म्हणाले. "ह्यो मोठा तुकडा उस्मानाबाद. अन् ह्यो ल्हान, आपला लातूर. नवा जिल्हा निघाला, माय. तुझ्या बापाची नोकरी ह्यातच हाय."

सुमीनं मान वळवली. "बाबांची कचेरी कुठंय यात?"

"ह्यो जळका ठिपका."

तिनं आधी माझी कचेरी खाल्ली. मग वरणात बुडवून अख्खा लातूर, आणि अक्कानं पाठीवरून हात फिरवल्यावर उस्मानाबादही. बायको दारातच बसून पुन्हा रडली, पण हे रडणं वेगळं होतं. त्यानंतर सुमी अख्खी भाकरी मुद्दाम मोडून जिल्हे करायची आणि खायची. साडूंनी हा पराक्रम वर्षभर बाजारात सांगितला. त्यात अक्काचा उल्लेख कधीच आला नाही, आणि अक्कानंही तो कधी मागितला नाही.

मागल्या साली अक्का गेली. साडू दुकानात जाईनात. शेजाऱ्यांचे डबे यायचे आणि तसेच परत जायचे. कुणालाही सल्ला देईनात, तेव्हा मात्र मी हादरलो. सुमी आता उदगीरला शिक्षिका आहे. ती आली, पण तिनं त्यांची मनधरणी केली नाही. फळीवरची ती छोटी परात काढून तिनं पिठासकट त्यांच्यापुढे ठेवली आणि शेजारी आधण ठेवलं.

"काका, जो थापंल त्यानंच संपवायची."

"मला न्हाई येत गं," साडू म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

सुमीनं त्यांचा हात धरून पिठात ठेवला. बऱ्याच वेळानं भाकरीसारखं काहीतरी झालं आणि तव्यावर त्याचे दोन तुकडे पडले.

"नवा जिल्हा," सुमी हळूच म्हणाली.

साडू किंचित हसले. लहान तुकडा त्यांनी मीठ-तेलाशी सावकाश खाल्ला. मोठा मात्र बाजूला सारला. सुमीनं कायद्याची आठवण करून दिली.

"त्यो तुझ्या मावशीचा," ते म्हणाले. "तिनं माझ्या हातचं कधी खाल्लंच न्हाई."

या माणसाची मी आयुष्यभर टिंगल केली, पण त्या वेळी मला त्यांच्याकडे बघवेना. सुमीनं तो तुकडा फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवला, आणि दुसऱ्या भाकरीचं पीठ परातीत घेतलं.