उन्हात ठेवलेलं दार

आमच्या आत्याला घाई करायला सांगणं म्हणजे भिंतीला ‘जरा सरक’ म्हणण्यासारखं. धाकट्या भावाच्या, म्हणजे बाबांच्या, सुतारखान्यात तिनं आजवर फक्त पॉलिश केलं. खिडकीजवळचं कामाचं टेबल बाबांचं. खिडकीतून येणारा उजेडही आपलाच, असा त्यांचा समज.

एकदा शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या. त्यांच्या आईच्या अक्रोडी कपाटाचं दार मोडलं होतं. कपाट जुनं, मधाच्या रंगाचं. आणि बाबांकडचं अक्रोड गडद तपकिरी.

“रंग मारून जुळवतो,” बाबा म्हणाले.

“बरीच लाकडं वयानं काळवंडतात, अक्रोड उजळतं,” आत्या म्हणाली. “उन्हात ठेवू. दार मी करते.”

“कर, ताई. जुळलं तर खिडकीजवळचं टेबल तुझं. नाही जुळलं तर मुकाट्यानं पॉलिश.”

अक्रोड तसं गुणी लाकूड. ना दगडासारखं कडक, ना लेचंपेचं. रंध्याखालून लांबलचक ढलप्या निघत, सांधे घट्ट बसत. नीट वाळलं की वाकायचं नावही काढत नाही. या बाबतीत ते आत्यासारखंच. दार झालं, माळ्यावर काचेच्या छपराखाली आडवं ठेवलं, आणि आत्यानं फर्मान काढलं, “कुणी वर डोकवायचं नाही. सारखं झाकण काढलं तर भात शिजत नाही.”

तो सगळा उन्हाळा बाबा आपला गुण्या शोधत होते. काटकोन तपासायचा तो लोखंडी गुण्या त्यांना जीव की प्राण. त्यांनी सगळ्यांवर संशय घेतला. शेजारच्या वेल्डरशी तर बोलणंच टाकलं.

शेवटी मावशींना बोलावून सगळे वर गेलो. दार सुरेख उजळलं होतं. मधोमध गुण्या पडला होता. आत्यानं तो उचलला. खाली तसाच्या तसा गडद ठसा.

“काच गळते का बघायला वर कोण चढलं होतं?” तिनं विचारलं.

बाबा छपराकडे बघू लागले. “कोन मात्र बरोबर काटकोन आहे,” ते पुटपुटले.

आत्याचं तोंड उतरलं. रंधा मारावा तर पुन्हा आतलं गडद लाकूड वर येणार. तिनं मावशींना विचारलं, “कपाटावर ऊन येतं का?”

“सकाळभर.”

“मग असंच बसवते. उजळलेला भाग आता फारसा बदलणार नाही. ठसा हळूहळू त्याला गाठेल. पण वेळ लागेल.”

“लागू दे की. मला कुठं जायचंय?” मावशी हसल्या. “बाकी रंग तर आईच्या कपाटाचाच आहे. बसवा.”

खाली आल्यावर बाबांनी खिडकीजवळचं टेबल रिकामं केलं. सगळ्यात शेवटी गुण्या आत्यासमोर ठेवला.

“हाही तुझ्याकडेच ठेव, ताई. माझ्याकडून हरवतो.”

“आधी जाऊन वेल्डरची माफी माग,” आत्या म्हणाली, आणि खिडकी सताड उघडली.