चादरीमागचं तोंड

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. आई आणि भाऊ झोपलेले असायचे, म्हणून दिवा न लावता अंधारातच केस बांधायची आणि चालत निघायची. पाचला लॉन्ड्रीचं फाटक उघडायचं. बॉइलर तापेपर्यंत आम्ही दोघी ओल्या चादरी झटकून ठेवायचो. हॉटेलांच्या, हॉस्पिटलांच्या. मोठ्या, जड, हट्टी.

त्या लॉन्ड्रीत माझी हयात गेली. इस्त्रीच्या रोलरवर दोघी लागतात. चादर ताणून तापलेल्या रोलरमध्ये सरळ सोडायची, आणि तोवर प्रत्येकीचे दोन्ही हात कापडावर हवेत, एक कोपऱ्यावर, एक काठावर. एक हात सुटला की चादर तिरकी जाते, सुरकुती भाजून पक्की होते आणि ती परत धुवायला. म्हणजे आधीच्यांनी केलेली मेहनत मातीत.

पोरगी कामाला वाघीण. खोड एकच. हसू आलं की तिचा उजवा हात तोंडावर जायचा. वरचे दोन दात पुढे आलेले आणि शेजारचा तिसरा त्यांच्या अंगावर चढलेला. लहानपणापासून ते झाकायची सवय. मनात यायच्या आत हात पोचलेला असायचा. त्यावरून तिला लॉन्ड्रीत 'शटर' म्हणत.

"शटर पाडू नकोस गं, गिऱ्हाईक परत जाईल," इस्त्रीवाला म्हणायचा. आणि नेमकी चादर आत जाताना काहीतरी विनोद सोडायचा. हिचा हात वर, चादर तिरकी. सगळे खो खो हसायचे.

एकदा मी त्याच्या अंगावर ओला टॉवेल फेकला. "विनोद तुझा आणि धुणं आमचं, असं का रे?"

"मावशी, गंमत केली."

"मग ही गंमत आता तूच धू."

धुतली नाही त्यानं. धुतली आम्हीच.

मग मालकांना दारावर मोठा फलक लावायची हुक्की आली. फोटोवाला आला. घडी हिच्याइतकी साफ कुणाची पडत नसे, म्हणून सुपरवायझरनं हिलाच उभं केलं. फोटोवाला म्हणाला, "हसा की जरा." ती बिचकत हसली. हात वर आला नाही, कारण हातांत घडी होती. फोटोवाल्यानं सुपरवायझरकडे पाहिलं. सुपरवायझरनं मान खाजवली.

"असं कर," तो म्हणाला, "घडी उलगड आणि चादर वर धर. अजून वर. हां, नाकापर्यंत. बास."

फलक लागला. पांढरीशुभ्र चादर आणि वर दोन डोळे. रोज पहाटे तिला त्या फलकाखालून आत जावं लागायचं. माझ्या हाताला शिडी लागली असती तर मी तो फाडून काढला असता. मी सुपरवायझरला तसं तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "तिला काही वाटत नाही, तुम्हालाच का एवढं?"

तिला काय वाटत होतं ते तिनं रोलरवर सांगितलं, कापडावरची नजर न काढता. "आजवर मी झाकत होते, मावशी. आता हे लोक मला झाकायला लागले. मी दात सरळ करून घेणार."

"या वयात? शाळेतल्या पोरांसारख्या तारा लावून?"

"चोविसावं आहे, चौऱ्याऐंशीवं नाही. मला हा हात मोकळा पाहिजे."

घरी बैठक बसली. आई, भाऊ आणि खास बोलावलेला मामा. तिनं मला सोबत नेलं. म्हणाली, "तुम्ही नुसत्या बसा." मला नुसतं बसता येत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

आईचेही दात तसेच. बोलतानाही तिची बोटं ओठांवर. "डॉक्टरीण म्हणे जागा करायला दोन चांगले दात उपटणार! धडधाकट दात! माझ्या दुधावर वाढलेली पोर तू."

"दुधाचे दात कधीच पडले, आई."

मामा हसला, मग आपण कशाला आलोय ते आठवून गंभीर झाला. "पण बाळा, दाखवायचेत कुणाला? दात खायला असतात."

"तारा लावून रेडिओ ऐकणार असेल," भाऊ म्हणाला. "हौसेला मोल नसतं, पण घर चालवायचं कुणी?"

माझं डोकं सणकलं. याची मोटारसायकल दारात उभी होती, वर कव्हर घालून. हिच्याच पगारातून आलेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच बोलली.

"गाडी आणली तेव्हा बैठक नव्हती बसली."

"गाडी घराची आहे."

"मग पहाटे मला कामावर कधी सोडलंस?"

भावानं मामाकडे पाहिलं. मामानं छताकडे.

"भांडू नका रे," आई म्हणाली.

"भांडत नाहीये, सांगतेय. अर्धा पगार यापुढे माझ्याकडे राहील." तिनं आवाज चढवला नाही. रोलरवर चादर सोडावी तसं सरळ बोलली.

तारा दोन वर्षं होत्या. आवळून घेतल्या की जबडा ठणकायचा. मग दुपारी पाव दुधात बुडवून गिळायचा. गालाची आतली बाजू सोलून निघायची. त्या दिवसांत दुखण्यापायी तिची एकही चादर तिरकी गेली नाही. दुखणं ही सबब नव्हे. कामकरी माणूस दुखणं सोबत घेऊन येतो आणि काम करतो.

इस्त्रीवाल्याला नवं खाद्य मिळालं. "शटरला आता ग्रिलही बसवलं!" आणि हिचा हात पुन्हा वर. त्या दिवशी मी तिच्यावरच भडकले. "एवढं सोसतेस आणि हात तिथला तिथेच?"

"दात सरकतायत, मावशी. हाताला वेळ लागेल."

तारा निघाल्या तोवर मी कामावरून निवृत्त झाले होते. एका रविवारी तिच्या घरी गेले. अंगणात मायलेकी भिजलेलं घोंगडं पिळत होत्या. एक टोक आईच्या हातात, दुसरं हिच्या. भाऊ दारात येऊन उभा राहिला. बहिणीच्या तोंडाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"तारा निघाल्या ना? मग पुढच्या महिन्यापासून पगार पूर्ण घरात दे. गाडीचा टायर गेलाय."

तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि ती हसली. मोठ्यानं, तोंड भरून, वरची सगळी ओळ दिसेल अशी. मी तिच्या उजव्या हाताकडे पाहत होते. तो घोंगड्यावरच होता. तिनं आणखी एक पीळ दिला आणि पाण्याची धार त्याच्या चपलांवर गेली.

आईलाही हसू फुटलं. तिचा हात तोंडाकडे गेला आणि घोंगड्याचं टोक मातीत पडलं.

"दात काय काढतेस?" भाऊ ओरडला.

"माझे आहेत," ती म्हणाली. "माझ्या पगाराचे."