गिरणीवाल्यांची सून

लग्न ठरताना मला एकच प्रश्न विचारला गेला. डहाणूच्या बाजारामागच्या गल्लीत खाली पिठाची गिरणी, वर घर. वरच्या खोलीत चहा पिता पिता होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे दोन्ही वेळा चपात्या होतात. जमतील ना?"

मी चिंचणीची. आमच्या घरात मासळी सुकवायची, विकायची आणि दोन्ही वेळा तांदळाची भाकरी खायची. गहू यायचा तो सणासुदीला, पुऱ्यांपुरता. माझी आई पटकन म्हणाली, "शिकेल की." शिकले. वर्षभरात माझ्या चपात्या अशा फुगायला लागल्या की सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायच्या. भात खाणाऱ्या मुलीला त्यांनी गव्हाची वाट दाखवली होती, आणि त्याचा त्यांना सार्थ अभिमान होता.

सासऱ्यांचा अभिमान त्याहून मोठा. गेली पंचवीस वर्षं ते गिरणी चालवत होते. पिठाची चिमूट बोटांत चोळून कुणाचा गहू कुठल्या दुकानातला ते सांगायचे. त्यांचा जगात एकच शत्रू होता, घरघंटी. घरच्या घरी दळणारं कपाटाएवढं ते यंत्र ज्यांनी ज्यांनी विकत घेतलं, त्यांच्या घरी बाबा लग्नालाही जायचे नाहीत. "जळकं पीठ खातात लोक," म्हणायचे.

नवरा तारापूरच्या एका कारखान्यात फिटर. मी तलासरीच्या एका सरकारी कचेरीत कारकून. डब्यात चार चपात्या घेऊन सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. दोन वर्षं कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या वर्षी सगळे एकदम बोलायला लागले.

पहिला संशय नवऱ्याच्या कारखान्यावर गेला. गल्लीत एकमत झालं की तिथल्या धुरानेच काहीतरी होत असणार. नवरा बिचारा मुकाट्याने जाऊन तपासून आला. रिपोर्ट उत्तम. मग संशय अर्थातच माझ्याकडे वळला. रक्त, थायरॉइड, सोनोग्राफी, मग नळ्यांत औषध सोडून काढलेला एक्स-रे. तो काढताना मी टेबलाच्या कडा इतक्या घट्ट धरल्या की नंतर दोन दिवस बोटं दुखत होती. तेही सगळं उत्तम.

वापीचे डॉक्टर फाइल मिटत म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे."

"मग?" नवऱ्याने विचारलं.

"मग काही नाही. याला अनएक्सप्लेन्ड म्हणतात."

"म्हणजे काय?"

"म्हणजे कारण सापडत नाही."

तेवढं आम्हालाही माहीत होतं. फरक एवढाच, की आता ते इंग्रजीत लिहून मिळालं.

घरी आल्यावर मोठ्या आत्यासासूबाईंनी फाइल हातात घेतली, उलटीच धरून पाहिली आणि म्हणाल्या, "काही नाही म्हणतात ना, म्हणजे नक्की काहीतरी आहे." पुढे जे झालं ते बघता त्यांचं निदान डॉक्टरांपेक्षा बरंच बरोबर होतं.

दोनदा दवाखान्यातला उपचार करून पाहिला, दोन्ही वेळा फुकट गेला. मग घरचे उपचार सुरू झाले. अंगात उष्णता आहे म्हणून मासळी बंद. ताकद नाही म्हणून सकाळी तुपातला गव्हाचा शिरा. सासूबाईंच्या बहिणीने डिंक घालून कणकेचे लाडू पाठवले. मग सोळा सोमवारचं व्रत. या व्रताचा प्रसाद चुरम्याचा, तोही गव्हाचा, आणि तो स्वतः खावा लागतो. सोळा सोमवार मी भक्तिभावाने चुरमा खाल्ला. प्रत्येक मंगळवारी पोट फुगलेलं असायचं. ते पाहून शेजारच्या काकूंनी एकदा माझ्या सासूबाईंना आनंदाने डोळा मारलेला मला आठवतो.

तोंड येणं, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येणं, केस गळणं हे सगळं होतंच. पण ते मी कुणाला सांगत नव्हते. मूल न होणाऱ्या बाईने पोट फुगतं अशी तक्रार करू नये, एवढं मला कळत होतं.

लग्नाचं पाचवं का सहावं वर्ष असेल. तलासरीजवळ उधव्याला आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. आमच्या कचेरीतून मला तिथे नावं लिहायला बसवलं होतं. आसपासच्या पाड्यांवरच्या बाया रांगेने येत होत्या. तपासायला तलासरीच्या एका छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई होत्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, कमी बोलणाऱ्या. दुपारी रांग संपली तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचंही रक्त बघून टाकू. चेहरा पांढरा दिसतोय."

रक्त सात भरलं. मी म्हणाले, "मी तीन वर्षं लोहाच्या गोळ्या घेतेय."

"रोज?"

"रोज."

त्या पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहत राहिल्या. "मग गोळ्या जातात कुठे?" असं स्वतःशीच म्हणाल्या. जीभ बघितली, नखं बघितली. मग एकदम विचारलं, "माहेरी गेलात की बरं वाटतं का?"

मला हसू आलं. "कुठल्या बाईला वाटत नाही?"

त्या हसल्या नाहीत. "किती दिवसांत बरं वाटतं?"

"आठवडाभराने. पोट हलकं होतं. तोंडही बरं होतं."

"तिथे काय खाता?"

"भाकरी. तांदळाची. आणि मासळी."

"आणि सासरी?"

मी सांगितलं. चपात्या, शिरा, लाडू, सोळा सोमवार. गिरणीचं सांगितल्यावर मात्र त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "घर गिरणीच्या वर आहे?"

"हो."

सहा वर्षांत मला सगळ्यांनी सगळं विचारलं होतं. पाळीच्या तारखा, नवऱ्याच्या पाळ्या, आईला किती मुलं, कुलदैवत कोणतं. जेवायला काय खातेस, हे कुणी विचारलं नव्हतं.

रक्त तपासायला मुंबईला गेलं. मग वापीला नळी घालून आतड्याचा बारीक तुकडा काढला. गंमत म्हणजे तो काढेपर्यंत डॉक्टरबाईंनी बजावून ठेवलं होतं, "गहू बंद करू नका हं. नाहीतर तपासणीत काही दिसायचं नाही." म्हणजे संशयित कोण ते कळल्यावरही तीन आठवडे मी त्याला रोज जेवू घालत होते.

निदान आलं. आजाराचं नाव सिलिअ‍ॅक. डॉक्टरबाईंनी साध्या शब्दांत समजावलं, की कणकेला जो चिकटपणा असतो, तो माझ्या शरीराला शत्रू वाटतो. त्याच्याशी भांडता भांडता आतड्याचं अस्तर झिजतं, मग लोह अंगी लागत नाही. काही बायकांना यामुळे दिवसही राहत नाहीत. उपाय एकच. गहू बंद, कायमचा. रवा, मैदा, सगळं.

"आणि मूल?" नवऱ्याने विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही. आधी ह्यांची तब्येत."

घरी सांगायचं धाडस नवऱ्याला होईना, म्हणून मीच सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "गव्हाने कुणाला काही होतं का गं? अख्खं गुजरात खातं." बाबा ताटातली अर्धी चपाती तशीच ठेवून उठले आणि खाली गेले. पुढचे आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांच्या पदार्थाला नाही, त्यांच्या आयुष्यालाच नाव ठेवलं होतं.

मी भाकरीवर आले. तांदळाचं पीठ आपल्याच गिरणीतून. सासूबाईंचं मन मोठं, की चार दिवसांनी त्या स्वतःच माझी भाकरी वेगळी थापायला लागल्या. मला वाटलं, आता झालंच. पण सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं, तर रिपोर्ट जवळपास जसाच्या तसा. डॉक्टरबाईंनी मला खुर्चीत बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, "खरं सांगा, चोरून खाता का?"

मला इतका राग आला! सोळा सोमवार केले, एवढे हाल सोसले, आणि आता चपाती चोरल्याचा आळ. घरी येऊन मी नवऱ्यापुढे रडले. दार उघडं होतं. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, निदान पेपर त्यांच्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी त्यांनी खालून हाक मारली, "बाय, खाली ये जरा."

गिरणी बंद होती. वरची दगडी तळी काढून बाजूला ठेवली होती. बाबांनी खालच्या तळीच्या खाचांत बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. बोट पांढरं झालं होतं.

"हे काय आहे?"

"पीठ."

"कुणाचं?"

मी वाकून त्या खाचांकडे पाहिलं.

"काल शेवटचं दळण गव्हाचं होतं. आता वरून तुझा तांदूळ टाकला, तर खाली पहिलं कोण येईल?" ते म्हणाले. "आधीचा येईल. गिऱ्हाइकाला एवढंसं कळत नाही. म्हणून मीही कधी मनावर घेतलं नाही." मग म्हणाले, "उपवासवाल्यांचं दळण असतं ना, वरीचं, राजगिऱ्याचं, तेव्हा मी आदल्या दिवशी सगळं उघडून पुसतो. धान्याचा कण गेला तर त्यांचा उपवास मोडतो. तीस वर्षं करतोय. लोकांच्या उपवासासाठी सुचलं, घरातल्या माणसासाठी नाही सुचलं. डॉक्टरला सांग, चोर तू नाहीस. चोर मी."

मी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि दोघांनी मिळून ती तळी पुसली. पुसून उपयोग नव्हता, हे आम्हा दोघांना माहीत होतं. वारा आला की छतावरूनही गहूच गळत होता.

चार दिवसांनी एक टेम्पो आला. त्यातून चादरीत गुंडाळलेलं काहीतरी कपाटाएवढं उतरलं. बाबा स्वतः पुढे होऊन हमालांना घाई करत होते, "चला, चला, लवकर वर न्या." समोरच्या दुकानदाराने विचारलं, "शेठ, काय आणलंत?" बाबा म्हणाले, "कपाट." वर नेऊन चादर काढली. घरघंटी होती.

सासूबाई तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या, की शेवटी बाबाही हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "यात गव्हाचा एक दाणा गेलेला मला दिसला, तर बघा." त्या दिवसापासून गिरणी बंद केल्यावर ते खालीच अंघोळ करायचे, कपडे बदलायचे आणि मगच वर यायचे. जिन्याला दार बसवलं. माझी भांडी वेगळ्या फळीवर गेली. घरघंटीबद्दल त्यांचं मत मात्र बदललं नाही. पीठ जळकंच, पण आजाऱ्याला चालतं, असं ते म्हणत.

पुढच्या तपासणीत आकडे खाली आले. रक्त वाढलं. तोंड येईनासं झालं. पाच किलो वजन वाढलं, आणि गल्लीने लगेच त्याचा हवा तो अर्थ लावला. तो चुकीचा होता. बरोबर अर्थ लागायला आणखी वर्षभर गेलं. मग दिवस राहिले, नऊ महिने सुरळीत गेले आणि मुलगी झाली.

मी डॉक्टरबाईंना पेढे द्यायला गेले. म्हटलं, "म्हणजे गव्हामुळेच अडलं होतं ना?"

"असेल," त्या म्हणाल्या. "पण मी तसं लिहून देणार नाही. गहू न सोडताही कदाचित राहिले असते. सांगता येत नाही."

एवढा प्रामाणिकपणा मला त्या वेळी मुळीच नको होता. आणि घरात तर कुणालाच नको होता. बारशाला आत्यासासूबाईंनी जाहीर केलं, की सोळा सोमवार फळायला थोडा वेळ लागतोच. सासूबाईंच्या बहिणीला लाडवांचा गुण वाटत होता. माझ्या आईने सगळ्यांदेखत सांगितलं, "पोरीने पुन्हा बोंबील खायला सुरुवात केली, तेव्हाच मला माहीत होतं." बाबा श्रेय मागायला आले नाहीत. ते खाली गिऱ्हाइकांना पेढे वाटत होते.

त्यांच्या पेढ्यांबरोबर बातमीही वाटली गेली. गिरणीवाल्याच्या सुनेने गहू सोडला आणि दिवस राहिले. दोन महिन्यांत डहाणूत निम्म्या गल्ल्यांमध्ये गहू सोडणं सुरू झालं. कुणी सोमवारपुरता सोडला, कुणी सव्वा महिना, कुणी नवस म्हणून वर्षभर. ज्यांना चार मुलं होती, त्यांनीही तब्येतीसाठी सोडला. गिरणीवरचे गव्हाचे डबे कमी झाले. घरघंटीने जे नुकसान केलं नव्हतं, ते माझ्या बाळंतपणाने केलं. बाबा येईल त्या बाईला सांगत बसायचे, "अगं, आधी तपासून घे, मग सोड. सगळ्यांना नसतं ते." बायकांना वाटायचं, म्हातारा आपला धंदा वाचवतोय.

एक दिवस नरपडची एक मुलगी मला शोधत घरी आली. लग्नाला चार वर्षं झालेली, हातात फाइल, चेहरा उतरलेला. सहा महिने गहू बंद होता. "तुमचं ऐकून सोडला," म्हणाली. मी तिला कधी भेटलेही नव्हते. पुढच्या आठवड्यात रजा काढून मी तिला तलासरीला घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी तिची सगळी फाइल शांतपणे पाहिली. तिला थोडे दिवस पुन्हा चपाती खायला लावली आणि मग रक्त तपासलं. काही निघालं नाही. गव्हाचं आणि तिचं काही वैर नव्हतं.

"आणि नवऱ्याची तपासणी?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "फाइलमध्ये त्यांचा एकही कागद नाही."

तिने आश्चर्याने आमच्याकडे पाहिलं.

"त्यांची कशाला?" ती म्हणाली. "त्यांनीही सोडलाय की गहू."

डॉक्टरबाईंनी एक कोरा कागद पुढे ओढला आणि तिला नवऱ्याचं नाव विचारलं.