हेमाच्या नावापुढची ओळ

हेमा निमकर आमच्या वरच्या मजल्यावर राहते. इंदिरा नगरातल्या आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच, त्यामुळे बारा वर्षांत आमची मैत्री नुसत्या पुरणाच्या वाटीपुरती राहिलेली नाही. ती मूळची सांगलीची. नवरा लक्ष्मीकांत सरकारी बँकेत. त्याच्या बदलीने ती लखनौला आली आणि ऋताच्या शाळेसाठी इथेच टिकली. मधली दोन वर्षं लक्ष्मीकांत गोरखपूरला एकटा राहिला, पण हिने घर हलवलं नाही.

लग्नाआधी तिने कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं होतं, ते पंधरा वर्षं कपाटात होतं. एकेचाळिसाव्या वर्षी तिने ते पुन्हा बाहेर काढलं. ऋताच्या लॅपटॉपवर सकाळी चार-चार तास बसून ती नवं सगळं शिकली आणि गोमती नगरातल्या एका छोट्या कंपनीत लागली. पॅथॉलॉजी लॅबमधले डॉक्टर ज्यावर रिपोर्ट लिहितात, ते सॉफ्टवेअर ही कंपनी बनवते. ऑफिसात सगळे पंचविशीतले. ते हिला ‘हेमा मैम’ म्हणतात आणि अडलं की हिच्याच टेबलाशी येतात.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिच्या गळ्यापाशी सुपारीएवढी गाठ हाताला लागली. जवळच्याच लॅबमध्ये सुई घालून तपासणी झाली; तिथेही हिच्याच कंपनीचं सॉफ्टवेअर चालायचं. रिपोर्ट आणायला लक्ष्मीकांत गेला. “साधी थायरॉईडची गाठ आहे,” तो घरी येऊन म्हणाला. “जानेवारीत अमोघच्या मुंजीला पुण्याला जातोच आहोत, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना दाखवून टाकू.” अमोघ म्हणजे त्याच्या भावाचा मुलगा. हेमाने सुटकेचा निःश्वास सोडला आणि कामाला लागली. रिपोर्ट बघायला मागितलासुद्धा नाही. तिची आई कॅन्सरने गेली होती. तेव्हापासून असल्या कागदांकडे बघायचीच तिला भीती वाटायची.

त्या दिवसांत तिच्याकडे एक नवं काम होतं. डॉक्टरांची तक्रार होती की तीच तीच वाक्यं दिवसातून पन्नासदा टाइप करावी लागतात. म्हणून रिपोर्ट लिहायच्या एडिटरला ऑटोकम्प्लीटचं प्लगइन जोडायचं ठरलं. तीन अक्षरं टाइप केली की खाली सुचवण्यांची यादी उघडणार, हवी ती ओळ निवडून टॅब दाबला की पूर्ण वाक्य आपोआप बसणार. ऐकायला सोपं, पण हेमाचे तीन आठवडे त्यात गेले. कधी यादी कर्सरखाली उघडायच्या ऐवजी पार स्क्रीनच्या कोपऱ्यात उघडायची. कधी एन्टर दाबला की वाक्यही बसायचं आणि वर एक रिकामी ओळही यायची. ती मला जेवताना हे सगळं सांगायची, जणू एखाद्या हट्टी सुनेच्या तक्रारी.

सुचवायची वाक्यं कुठून आणायची, ते तिच्या टीमचा प्रमुख मयूर सक्सेना याने ठरवलं होतं. लॅबमधले अगदी गेल्या आठवड्यापर्यंतचे जुने रिपोर्ट घ्यायचे, त्यातली पेशंटची नावं काढून टाकायची आणि उरलेल्या मजकुरातून वाक्यं वेचायची. सोमवारी ते अकरा लॅबमध्ये सुरू व्हायचं होतं. शुक्रवारी दुपारी हेमा शेवटची तपासणी करत होती. रिपोर्टमध्ये सगळ्यात जास्त येणारा शब्द हिमोग्लोबिन, म्हणून तिने त्याची पहिली तीन इंग्रजी अक्षरं टाइप केली. एच, ई, एम.

यादी उघडली, बरोबर कर्सरखाली. पहिली ओळ हिमोग्लोबिन ठीक असल्याची. दुसरी हेमरेज, म्हणजे रक्तस्राव, न दिसल्याची. तिसरी ओळ ‘हेमा निमकर, वय ४६, पतीची विनंती...’ एवढीच दिसत होती. पुढे टिंबं.

तिला आधी वाटलं, कुणीतरी पोरांनी गंमत केली. तिने टॅब दाबला. पूर्ण वाक्य एडिटरमध्ये येऊन बसलं. मजकूर इंग्रजीत होता आणि त्याचा अर्थ सरळ होता: पतीची विनंती आहे की गाठ कॅन्सरची असल्याचं पेशंटला सांगू नये, फक्त त्यांच्याशीच बोलावं.

“मी ते वाक्य पुसलं,” हेमा मला नंतर म्हणाली. “मग पुन्हा तीच तीन अक्षरं टाइप केली. वाटलं, या वेळी येणार नाही. पुन्हा आलं. चार वेळा केलं मी तसं, वेड्यासारखं.”

त्यानंतर तिने जे केलं त्याचं मला आजही नवल वाटतं. तिने दुसरी कुठलीतरी तीन अक्षरं टाइप केली. एका अनोळखी माणसाचं नाव आलं आणि त्याच्यापुढे त्याचा आजार. ते नाव तिने मला कधीही सांगितलं नाही. तिने मयूरला हाक मारली.

“सोमवार को ये नहीं चढ़ेगा,” ती म्हणाली.

“क्यों मैम? नाम तो सब हटा दिए थे.”

“नाम वाले कॉलम से हटाए. जो डॉक्टर ने लिखते-लिखते बीच में लिख दिया, वो?”

मयूर वाकून स्क्रीन बघायला लागला. तिसऱ्या ओळीपाशी त्याचा चेहरा पांढरा पडला. “मैम, ये... आप?”

“हाँ,” हेमा म्हणाली, आणि पर्स उचलून बाहेर पडली.

घरी न येता ती रिक्षाने थेट हजरतगंजला लक्ष्मीकांतच्या बँकेत गेली. तीन वाजले होते. काउंटरवर गर्दी होती. त्याच्या टेबलासमोरच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ पासबुक घेऊन बसले होते. ते उठेपर्यंत ती मागे उभी राहिली. मग बसली.

“मला कॅन्सर आहे?”

लक्ष्मीकांतच्या हातातलं पेन तसंच राहिलं. “तुला कुणी सांगितलं?”

“मी जे बनवतेय, त्याने. तुम्ही का नाही सांगितलंत?”

त्याने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. “आईंच्या वेळी तुझं काय झालं होतं ते मी पाहिलंय हेमा. तू चार महिने जेवत नव्हतीस. पुण्यात तीस तारखेची वेळ घेतलीय. डॉक्टर म्हणाले, हा प्रकार हळू वाढतो, बरा होतो. मुंज होऊ दे, मग सांगणार होतो.”

“गाठ माझ्या गळ्यात आणि तारीख तुमच्या खिशात?”

त्याने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, “ऋताला माहीत आहे.”

हेमा म्हणते, आजाराचं नाव वाचलं तेव्हा ती हादरली, पण कोसळली ती या वाक्याने. वीस वर्षांची मुलगी तीन आठवडे तिच्यासमोर बसून जेवत होती, हसत होती, आणि तिला सगळं माहीत होतं. घरी आल्यावर ऋताला काही विचारावंच लागलं नाही. आईचा चेहरा बघून ती दारातच रडायला लागली. “मम्मा, पापा ने कसम दी थी,” एवढंच पुन्हा पुन्हा. हेमाने तिला जवळ घेतलं, पण लक्ष्मीकांतशी ती आठ दिवस बोलली नाही. पोळ्या करायची, ताट वाढायची आणि आमच्याकडे खाली येऊन बसायची.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सकाळी, ती त्या लॅबमध्ये गेली. तिथल्या डॉक्टर चंद्रप्रभा मिश्रा यांना तिने ती ओळ कागदावर लिहून दाखवली. त्या बाई खुर्चीत मागे टेकल्या. “ये तो मैंने अपनी याद के लिए लिखा था, हेमा जी. ये बाहर कैसे आया?” मग त्यांनी दार लावून घेतलं आणि पाऊणएक तास हेमाला सगळं समजावून सांगितलं. गाठ कसली, कापायचं किती, नंतर गोळी किती वर्षं. “पहले दिन आपसे ही बात करनी चाहिए थी,” त्या शेवटी म्हणाल्या. “माफ़ कीजिए.”

पुण्याची तारीख हेमाने रद्द केली. इथल्याच मोठ्या हॉस्पिटलमध्ये स्वतः फॉर्म भरला, सर्जनला स्वतः प्रश्न विचारले, सही स्वतः केली. लक्ष्मीकांत शेजारी फाइल धरून बसला होता. अमोघच्या मुंजीला यांच्या घरातलं कुणीच गेलं नाही. ऑपरेशन नीट झालं, पण आवाज बसला. सहा आठवडे ती कुजबुजत होती आणि मोलकरणीला पाटीवर लिहून सूचना देत होती.

त्या कुजबुजत्या आवाजातच तिने कंपनीच्या मालकाशी भांडण केलं. लॅबमधून आणलेली रिपोर्टची प्रत पुसून टाका, आणि काय झालं होतं ते प्रत्येक लॅबला लेखी कळवा, एवढंच तिचं म्हणणं होतं. मालक म्हणाला, बाहेर तर काही गेलंच नाही, उगाच बदनामी कशाला. ती म्हणाली, नाहीतर मी राजीनामा देते आणि पत्र मीच लिहिते. मयूर तिच्या बाजूने उभा राहिला. पत्रं गेली. दोन लॅबनी काम काढून घेतलं, बाकीच्या राहिल्या. प्लगइन मार्चमध्ये सुरू झालं. आता त्याच्या यादीत जुन्या रिपोर्टमधलं काही नाही. डॉक्टरांनी स्वतः बसून निवडलेली तीनशे चाळीस वाक्यं आहेत, आणि नवं वाक्य दोघांनी वाचल्याशिवाय आत जात नाही.

नवरा-बायकोत आता बोलणं आहे, हसणंही आहे. पण रिपोर्ट हेमाच्या फोनवर येतो. सहा महिन्यांच्या तपासणीचा आला तेव्हा मी वरच होते. तिने फोन घेतला, आतल्या खोलीत गेली, दार लावलं. लक्ष्मीकांत बाहेर लसूण सोलत होता. त्याचे हात थांबले, पण तो उठला नाही. पाच-सात मिनिटांनी ती बाहेर आली, फोन त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, “वाचा. चांगला आहे.”

त्याने दोनदा वाचला. मग चष्मा काढून तो नुसता बसून राहिला.